मेडिकलची डाळ

पुण्यात पोस्टिंग झालं तेव्हा मी मिलिटरी नर्सिंगमध्ये लेफ्टनंट होते. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. माझ्या गणवेशाला इतकी खळ असायची, की मी खुर्चीत बसले की आधी गणवेशाचा आवाज यायचा, मग माझा.

ड्यूटी ओपीडीत होती. जवळच्या ट्रेनिंग सेंटरमधल्या वयाने मोठ्या लोकांची वार्षिक मेडिकल तिथे व्हायची. सकाळी सातला रांग. वजन, डोळे, लघवी आणि शेवटी माझं टेबल. टेबलावर पाऱ्याचं बीपी मशीन.

रीडिंग अगदी सुंदर यायची. मी पट्टा बांधताना भुवई उंचावते म्हणून पारा घाबरून खाली येतो, असा माझा वैद्यकीय सिद्धांत होता. तो मी मेसमध्ये इतर सिस्टरांनाही समजावून सांगितला होता. त्या हसल्या. मला वाटलं, जळतात.

सुभेदार कदम सेंटरमधले जेसीओ, ड्रिल शिकवायचे. साताऱ्याकडचे, उंच. पुढच्या वर्षी ते सुभेदार मेजर होणार, असं सगळे धरून चालले होते. मेडिकल पास झाल्यावर ते एक बरणी घेऊन आले.

"मॅडम, घरचं आंब्याचं लोणचं हाय. आता आम्हीबी खायला मोकळे."

"म्हणजे? इतके दिवस कुणी बांधून ठेवलं होतं?"

"मेडिकलच्या आधी आठवडाभर मेसमध्ये आमच्यासाठी वेगळी डाळ शिजती. बिनमिठाची. मेडिकलची डाळ म्हणतात तिला. पापड बंद, रम बंद, गोळी चालू."

"कसली गोळी?"

"बीपीची. गावच्या डॉक्टरनं दिलीय. मेडिकल झालं की बंद."

"कदम साहेब, ती रोज घ्यायची असते."

"रोज घेतली तर मी पेशंट झालो की, मॅडम. मेडिकल कॅटेगरी लो झाली तर सुभेदार मेजर कोण करतंय?"

मी त्यांना लेक्चर दिलं. तेही इंग्रजीत. मेंदू, किडनी, हृदय, काही सोडलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "येस मॅडम" म्हणाले, सॅल्यूट ठोकला आणि गेले. लोणचं मी ठेवून घेतलं.

मेडिकल ऑफिसरना मी त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी कदमांना पुन्हा तपासणीला बोलावलं. कदम आठवड्याने आले, आठवडाभर डाळ खाऊन. रीडिंग नॉर्मल. मेडिकल ऑफिसरनी माझ्याकडे पाहिलं. मी पाऱ्याकडे पाहिलं.

जानेवारीत पासिंग आउट परेडची रिहर्सल होती. मी कॅज्युअल्टीत होते. पावणेनऊच्या सुमारास अॅम्ब्युलन्सचा वायरलेस आला.

"वन जेसीओ, कोलॅप्स्ड ऑन परेड. ओव्हर."

"शुद्धीवर आहे? ओव्हर."

"डोळे उघडे आहेत. बोलत नाही. उजवा हात हलत नाही. ओव्हर."

"सरळ आत आणा. आउट."

स्ट्रेचर आलं. कदम होते. बुटांना चकाकी, बेल्ट कसलेला. मी पट्टा बांधला. पारा वर चढला आणि वरच राहिला. या वेळी डाळ शिजलेली नव्हती. त्यांचा उजवा हात बाजूला लोंबत होता. डाव्या हाताची मूठ मात्र वळलेली, अंगठा पँटच्या शिवणीवर. सावधान. आम्ही तो हात दोनदा सोडवला. तो पुन्हा तिथेच गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

मी मेजर म्हणून निवृत्त झाले. आता नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहते. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा समीर बंगलोरला. बीपी मलाही आहे, आणि समीरची अट आहे: बीपी वाढलं की आई तिकडे. तिथे मला स्वतंत्र खोली आहे. तिच्या खिडकीतून दुसऱ्या बिल्डिंगची खिडकी दिसते. इथे निदान खालचा वाणी भांडायला तरी आहे.

गेल्या महिन्यात डॉक्टरकडे जायचं होतं. आठवडाभर आधी मी लोणचं फडताळात वर ठेवलं, पापड बंद केला, गोळी वेळेवर घेतली, रोज संध्याकाळी नदीपर्यंत चालले. वरण बिनमिठाचं.

डॉक्टर माझ्या समीरहून बरीच लहान. म्हणाली, "वा आजी, मस्त रीडिंग! काय करता हो?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जिभेवर ते अळणी वरण आलं. मला हसू फुटलं. ती घाबरली.

"काही नाही गं," मी म्हटलं. "हे रीडिंग आठवडाभर शिजवलेलं आहे."

"आणि एरवी?"

"एरवी लोणचं. गोळी कधी घेते, कधी राहते. घेतलीस का म्हणून विचारणारं घरात कोण आहे?"

ती हसली नाही. गोळी रोज, एकाच वेळी, आणि घरी रोज सकाळी मोजायचं, असं तिने बजावलं. मराठीत सांगितलं, म्हणून मला कळलं.

दोन दिवस एरवीसारखं खाल्लं, मोजलं आणि समीरला फोन लावला. "रिपोर्ट. खरं बीपी एकशे बहात्तर. ऑनेस्ट रीडिंग."

"आई, मग इकडे ये."

"दोन महिने दे. रोज सकाळी सातला रिपोर्ट देते. खोटं बोलले तर स्वतः तिकीट काढते."

"लोणचं?"

"वाण्याला देऊन टाकलं. तो संशयाने बघत होता."

समीर हो म्हणाला. आकडा हळूहळू उतरतोय. अजून उतरायचाय.

मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं असतं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. गप्प बसायची मला आता वेगळी प्रॅक्टिस लागत नाही. सातच्या फोननंतर पुष्कळदा दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही. पट्टा डाव्या दंडावर आवळायला लागतो. कदम साहेब तेव्हाच येतात, बूट चकाकवून. माझा उजवा हात मोकळाच असतो. खाली पाहते तर मूठ वळलेली असते, आणि अंगठा गाऊनच्या शिवणीवर.

मशीन वाजेपर्यंत मी तो हलवत नाही.