जळगावला सोनं घ्यायला

लग्नाला तीन वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा आमच्या धुळ्यात मला सल्ला न दिलेला माणूस शोधावा लागला असता. कुणी उपास सांगितले, कुणी पपई बंद करायला लावली. रिक्षावाल्यानेही एकदा देवस्थानाचं नाव सुचवलं. मी मुलींना शिवणकाम शिकवते. शिवताना चुकलेलं कापड मी त्याच दिवशी उसवते, आठ दिवस बघत बसत नाही. आमच्या ह्यांचा स्वभाव नेमका उलटा. दर महिन्याला एकच पालुपद, "पुढच्या महिन्यात बघू."

एका सकाळी मी पोळपाटावरचं लाटणं तसंच हातात धरून विचारलं, "दवाखान्यात कधी जायचं?" लाटणं बघून असेल, पण हो म्हणाले. मात्र धुळ्यात नको. इथल्या कुठल्याही दवाखान्यासमोर त्यांचा एखादा मित्र चहा पीत उभा असतोच. मग जळगाव ठरलं. सासूबाईंना सांगितलं, सोनं घ्यायला चाललोय. जळगावला सोनं घ्यायला जातो म्हटलं की आमच्याकडे पुढे कुणी काही विचारत नाही.

एसटीने पोचलो. दवाखान्याच्या हॉलमध्ये सगळे एकमेकांची नजर चुकवत बसलेले. कोपऱ्यात डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधलेली एक बाई होती. आम्हाला बघताच तिने झटकन पाठ फिरवली, आणि तिथेच फसली. त्या पाठीवरचा मोरपंखी पायपिंगचा ब्लाउज मी शिवला होता. ती माझी थोरली नणंद होती, अमळनेरला दिलेली. तिच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि "होईल गं, घाई कसली" हा सल्ला मला सगळ्यात जास्त वेळा तिनेच दिला होता.

ह्यांनीही ओळखलं. "अक्का आहे. चल परत, पुढच्या महिन्यात येऊ."

आता उठलो तर पुन्हा ह्यांना इथवर आणणं माझ्याच्याने झालं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी त्यांची बाही धरली, ओढत नेलं आणि नणंदेच्या शेजारी जाऊन बसले. "अक्का, हूक नीट लागतात ना?"

स्कार्फच्या आत ती आधी खुदकन हसली आणि मग रडायलाच लागली. मलाही भरून आलं. सासरी तिने सांगितलं होतं, माहेरी धुळ्याला चाललेय. पलीकडे एक गृहस्थ तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसले होते, ते अर्थात दाजी. ह्यांनी वाकून विचारलं, "दाजी, तुम्ही पण?" दाजी पेपरामागूनच म्हणाले, "सात वर्षांत पहिल्यांदा. आजवर हिलाच पुढे करत होतो." मग दोघे मेहुणे एकमेकांच्या धीराने तपासणीचं रक्त द्यायला गेले.

डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर यायचं. बाईची पस्तिशी झाली असेल तर सहा महिन्यांतच. पाळी फार मागेपुढे होत असेल तर तेवढंही थांबायचं नाही. आणि दोघांनी यायचं, एकट्या बाईने नाही."

पुढे आमच्या दोघांतही थोडं थोडं निघालं. माझं थायरॉइड, ह्यांच्या तपासणीतही काही कमी. भांडायला जागाच उरली नाही. नणंदेला मात्र त्या म्हणाल्या, "थोडं आधी आला असतात तर सोपं गेलं असतं. आता वेळ लागेल, पण प्रयत्न करू." हे ऐकून मला रागच आला, तिच्यावर नाही, त्या सात वर्षांवर.

त्या संध्याकाळी नणंद आणि दाजी आमच्याबरोबरच धुळ्याच्या एसटीत बसले. म्हणाली, निदान माहेरी गेल्याचं तरी खरं करते. दारात चौघांना बघून सासूबाई चक्रावल्या आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "सोनं कोठे शे? दखाडा ना!"

आम्ही तिघे चपला काढण्यात गुंतलो. नणंदेनेच सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "माय वं! दवाखानामा जावाले कसानी लाज?" मग शेवभाजीसाठी कांदे चिरायला बसल्या. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं आहे, असं त्यांनी न विचारताच सांगितलं.

औषधं, तपासण्या, जळगावच्या खेपा असं वर्ष गेलं. मला दिवस राहिले, मुलगी झाली. बारशाला नणंद बाळाला घ्यायला पुढे झाली, तेव्हा कुणीतरी कुजबुजलं, जिची कूस उजवली नाही तिच्या मांडीवर बाळ कशाला? सासूबाईंनी ते ऐकलं आणि नातीला उचलून थेट नणंदेच्या मांडीवर ठेवलं. आत्याच नाव ठेवणार! नाव ठेवलं, पाठीत धपाटे बसले, नणंद हसून हसून बेजार झाली.

तेवढ्यात शेजारची नवी सून पाळण्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. एक काकू तिला म्हणाल्या, "घाई काय शे? देव दी."

नणंदेने बाळाला खांद्यावर घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "वरीस झायं का तुले?"

सुनेने मान हलवली.

"मंग देवले हात जोड आन डॉक्टरकडे जा. दोन्हीजन जा. मी थांबनू तशी सात वरीस थांबू नको."

तिची स्वतःची जळगावच्या दवाखान्यातली पुढची तारीख मंगळवारी होती. दाजींना घेऊन ती गेली, स्कार्फ न बांधता.