भिंतीपलीकडची लाइन

लाइनवाल्या काकू आपला लॅपटॉप कधी मिटू देत नसत. ओट्यावर मिक्सरच्या शेजारी तो दिवसभर उघडा असे आणि झाकण चुकून खाली येऊ नये म्हणून कीबोर्डवर लाटणं आडवं ठेवलेलं असे. सून म्हणायची, "आई, स्क्रीन तुटेल." काकू म्हणत, "तुटली तर तुटली. मिटली की लाइन जाते." कुणाची लाइन, हे त्या घरात कुणी विचारत नसे.

नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली होती. अमेरिकेत, पार्सिपनीला मुलाकडे त्या सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. त्यांच्या वरच्या फ्लॅटमध्ये मी राहत होते. पहिली नोकरी, ओळखी नाहीत, म्हणून रविवारी त्या मला पोह्यांना बोलवत. एक्स्चेंजची एक शिस्त त्या अभिमानाने सांगत. "बोलणं लोकांचं, लाइन आपली. भांडणं, लग्नं, मरणं, सगळं या कानांवरून गेलं, पण मी ऐकलं नाही. लाइन चालू आहे ना, एवढंच बघायचं."

काकूंच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये अमरावतीची स्नेहल राहत होती. लग्नाला वर्ष झालं होतं. तिचा नवरा रोज सकाळी ऑफिसला निघताना घरातला राऊटर काढून बॅगेत घालायचा. मी स्वतः पाहिलंय, बॅगेच्या चेनमधून काळी वायर बाहेर लोंबत असायची. स्नेहलच्या फोनमध्ये सिम नव्हतं. "घरीच तर असतेस, लागतंय कशाला?" असं तो तिला म्हणाला होता. तिचा व्हिसा त्याच्या नोकरीवर, तिला काम करायची परवानगी नाही, बँकेत नाव नाही, गाडी नाही. माणसाला कोंडायला कुलूप लागत नाही. मला संताप आला. आमच्या घरी जेवणाच्या ताटाखालीही चळवळीचं पत्रक अंथरलेलं असायचं, अन्यायावर बोलणं मला चांगलं जमत होतं. एका रविवारी पोह्यांपुढे मी व्हिसाच्या कायद्यावर, नवरेशाहीवर अर्धा तास बोलले. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं? आता सांग, या लॅपटॉपमधून दुसऱ्याला इंटरनेट देता येतं का?"

मी म्हटलं, सरळ वायफायचा पासवर्डच द्या ना तिला. त्या हसल्या. मुलगा नेटवर्क सिक्युरिटीत होता. अनोळखी फोन जोडला गेला की त्याच्या फोनवर लगेच सूचना येई. "लॅपटॉप ओळखीचा आहे. राऊटरला तोच दिसेल, त्याच्यामागे कोण बसलंय ते दिसणार नाही." मग म्हणाल्या, "इथल्या सरकारलाही तसंच दिसतं. यादीत नवरा. बायको त्याच्यामागे."

मी फक्त सेटिंग कुठे असतं ते दाखवलं, बाकी सगळं त्यांनी केलं. राऊटरपासून ओट्यापर्यंत वायर ओढली, कारण हवेतून येणाऱ्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. लॅपटॉपमधून मात्र लाइन हवेतूनच भिंतीपलीकडे जाणार होती, त्याला इलाज नव्हता. नेटवर्कचं नाव त्यांनी 'प्रिंटर' ठेवलं. "प्रिंटरच्या नादी कोण लागतंय?" पासवर्ड चिठ्ठीवर लिहून तळघरातल्या वॉशिंग मशीनपाशी स्नेहलच्या हातात दिला. सकाळी नऊला लाइन चालू, संध्याकाळी पाचला बंद. एक फोन जोडलेला आहे असं स्क्रीनवर दिसलं की काकू कणीक भिजवायला घेत.

त्या फोनवर स्नेहल काय करते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी एकदा म्हटलं, "काकू, तिला मदत हवी असेल. विचारा तरी." त्या कडक आवाजात म्हणाल्या, "तो नवरा सगळं विचारतो. कुणाशी बोललीस, काय बोललीस. आता मीही विचारू?"

एका गुरुवारी दुपारी सुनेचं घरूनच प्रेझेंटेशन होतं. आवाज तुटायला लागला तशी ती खोलीतून ओरडली, "आई, नेट कोण खातंय? तो तुमचा लॅपटॉप जरा बंद करा ना." काकूंनी लाटणं काढलं आणि लॅपटॉप मिटला. सून तपासायला आली असती तर सगळंच उघडं पडलं असतं. शिवाय तासाभराचा तर प्रश्न होता. आईशी गप्पा मारत असेल, नाहीतर मालिका बघत असेल. चारला त्यांनी लाइन पुन्हा चालू केली.

दुसऱ्या दिवशी वॉशिंग मशीनपाशी स्नेहलने विचारलं, "काकू, काल तीनला लाइन गेली होती का?"

"तासभरच. का गं?"

स्नेहलने ओले कपडे मशीनमधून काढून टोपलीत ठेवले. मग सांगितलं. फुकट सल्ला देणाऱ्या एका वकीलबाईंची वेळ दीड महिन्याने मिळाली होती, गुरुवारी तीनची. नाव आणि गाव सांगून झालं आणि कॉल तुटला. पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची होती.

"मला आधी सांगायचं नाही का गं?" काकू म्हणाल्या.

"तुम्ही कधी काही विचारत नव्हता. मला तेच बरं वाटायचं."

त्यानंतर काकू लॅपटॉपसमोरून हलल्या नाहीत. लाइन एकदाही गेली नाही. सोळाव्या दिवशी नवऱ्याने भारताची तिकिटं आणली. तुझ्या आईला भेटून येऊ म्हणाला. स्नेहल आनंदाने गेली, हे मला सर्वांत जास्त टोचतं. अमरावतीत तिला माहेरी सोडून, व्हिसाच्या स्टँपिंगला लागेल म्हणून तिचा पासपोर्ट घेऊन तो मुंबईला गेला आणि तिथून एकटाच परत आला. तिने आईच्या फोनवरून काकूंना हे कळवलं.

पुढच्या शनिवारी काकूंच्या नातीचा वाढदिवस होता. स्नेहलचा नवराही आला, हातात भलंमोठं गिफ्ट घेऊन. कागदी बशांमधून पावभाजी खात पंधरा-वीस मराठी माणसं घरांच्या भावांवर बोलत होती. कुणीतरी विचारलं, "वहिनी कुठे?" तो म्हणाला, "तिला तिकडेच करमतं."

काकू बशी खाली ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "तिचा पासपोर्ट कुठे आहे?"

मुलगा म्हणाला, "आई, तो त्यांचा पर्सनल मॅटर आहे."

"मी तुला नाही विचारलं. याला विचारलं." आणि त्यांनी तेच पुन्हा विचारलं.

तो हसून म्हणाला, "काकू, तुम्ही आराम करा." कुणीतरी केक कापा म्हणालं. सगळे टेबलाकडे सरकले. मीही सरकले. तोंडात पावाचा घास होता, आणि घास गिळल्यावरही मी काही बोलले नाही. पत्रकांवर वाढलेली मी, टाळ्या वाजवून 'हॅपी बर्थडे' म्हटलं.

काकूंचं परतीचं तिकीट मुलाने महिनाभर अलीकडे आणलं. तब्येतीचं कारण सांगितलं. निघायच्या दिवशी त्यांनी मला वकीलबाईंचा आणि स्नेहलच्या आईचा नंबर लिहून दिला. "मी ऐकलं नाही म्हणून अभिमान मिरवला जन्मभर," त्या म्हणाल्या. "त्या पोरीच्या बाबतीत ते चुकलं. तू विचार. रोज विचार, तिने नको म्हणेपर्यंत." मी नमस्कार करायला वाकले तर त्यांनी हात धरून उभं केलं. "पाया नंतर पड. आधी फोन लाव."

वकीलबाई म्हणाल्या, ती इथे असती तर बरंच काही करता आलं असतं. आता कठीण आहे, पण तिच्याशी बोलायला हवं. म्हणून मी अमरावतीला फोन लावला. तिच्या आईने उचलला. मी कोण ते सांगितलं, काकूंचं नाव सांगितलं, स्नेहलच्या शेजारी राहायचे म्हणाले.

"शेजारी," ती माउली सावकाश म्हणाली. "वर्षभर माझी पोर तिथे होती. तुम्ही कुठे होता?"

"वरच्या मजल्यावर," मी म्हणाले.