गळ्यातली थोरली

माझं लग्न शहापुरातल्या विणकराच्या घरी झालं तेव्हा मला सोळावं लागलं होतं. माझ्या नवऱ्याची पहिली बायको माहेरी बाळंतपणात वारली होती, मूलही राहिलं नव्हतं. आमच्यात दुसरेपणावर आलेल्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईचा ठसा. जेवताना पहिला घास त्याला लावायचा, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं. घरात सगळे तिला थोरली म्हणत. मला त्याचं ओझं वाटत नसे. एखादी मोठी जाऊ घरात असावी, तसं वाटे.

मला दिवस राहिले आणि ते बदललं.

मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता मी कमरेला हात लावला की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणत, "थोरलीचंबी असंच व्हायचं." पाण्याला गेलं की शेजारीण हसत विचारी, "काय गं, थोरलीला इचारलंस न्हवं? न्हायतर रुसायची ती." बायका हसत, मीही हसे. घरी येऊन टाक पदराखाली झाके. मग झाकला म्हणून तिला राग येईल असं वाटून पुन्हा वर काढी.

सातव्यात माझे पाय सुजले. थोरलीचेही सुजले होते, हे मी ऐकून होते. म्हणून लुगडं पावलांवर ओढून बसू लागले. झोप गेली. बाळ हललं तरी मी उठून बसे. यांना सांगावं, तर हे दिवसभर मागावर, तोंडातून शब्द नाही.

पहिलं बाळंतपण माहेरचं. माझे वडील, आप्पा, निपाणीकडून मला न्यायला आले. आईजवळ जायला मिळेल, एवढ्यावरच मी ते महिने काढत होते. पण आत्याबाई म्हणाल्या, "थोरलीला धाडली, ती माघारी आली न्हाय. हिला मी धाडत न्हाय."

"विहीणबाई, हिची आई वाट बघत बसलीया," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तूच सांग की बाळ. तुला काय वाटतंय?"

यांनी मागावरचा धोटा थांबवला. सगळे माझ्याकडे बघत होते. इथं माझा जीव घाबरतोय, मला आईकडं न्या, एवढंच म्हणायचं होतं. मी मान खाली घातली.

"बगा, तिलाबी हितंच ऱ्हायचंय," आत्याबाई म्हणाल्या.

आप्पा चहा न घेताच गेले. आईनं न्हाणीच्या बाजूला माझ्यासाठी बाज टाकून ठेवली होती, हे मला पुढं कळलं.

शहापुरातच मला मुलगी झाली. सुखरूप झाली. सुईणीनं न्हाऊ घालून तिला आत्याबाईंच्या मांडीवर दिलं, तशा त्या रडू लागल्या.

"थोरलीसाठी मला कुणी रडूच दिलं न्हाय गं. लगेच दुसरी आणायच्या मागं लागली सगळी. तुजे पाय सुजल्यालं बगत हुते मी. डोळ्याला डोळा न्हवता."

"मग बोलला का न्हाई, आत्याबाई?" त्या घरात मी आपणहून विचारलेला तो पहिलाच प्रश्न असावा.

"तू भिशील म्हणून."

एका चुलीपुढं बसून आम्ही दोघी एकाच भीतीनं अर्धपोटी उठत होतो. एकमेकींना सांगितलं असतं तर भीती गेली असती असं नाही, पण निम्मी तरी झाली असती.

आता त्याच मुलीला दिवस गेलेत. परवा ती माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, माझ्या वेळंला तुला काय खावंसं वाटायचं गं?"

मी पुष्कळ आठवून पाहिलं. बाळ पहिल्यांदा कधी हललं, तेही आठवेना. आनंदाचं म्हणावं असं त्या दिवसांतलं काहीच हाती लागेना.

"चिंचा," मी म्हणाले.

तिला ते खरं वाटलं.