पाणीपुरवठ्यातला नवरदेव

माझा धाकटा भाऊ सरकारी संशोधनात आहे. अणुशक्तीवर जहाज कसं चालेल, याचा शोध त्यांचं खातं घेतंय. याहून जास्त तो आईलाही सांगत नाही. आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून समुद्र कोसो दूर, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. त्यामुळं जहाजाचं कौतुक कुणाला असणार?

लग्नाच्या बाजारात तर ती नोकरी खोटं नाणंच ठरली. 'अणू' म्हटलं की मुलीकडचे चहाचा कप खाली ठेवायचे. एका बाईंनी तोंडावर विचारलं, "लेकरं नीट व्हतील ना?" भावानं त्यांना शास्त्र समजावलं, आणि होतं ते स्थळही गेलं.

मग चितेगावचे मामा मध्ये पडले. पुढच्या बघण्याच्या कार्यक्रमात मुलीच्या वडिलांनी नोकरी विचारली, तेव्हा भावानं तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "पोरगं पाणीपुरवठ्यात सायेब हाय."

काय तो चमत्कार! भावाला पंख्याखालची खुर्ची मिळाली. पोह्यांवर दुसऱ्यांदा खोबरं पडलं. मुलीचे काका कानाशी आले, "सायेब, आमच्या गल्लीला एक दिसाआड सोडलं तर लई अवघड जाईल का?"

मुलीनं मात्र पाण्याचा विषयच काढला नाही. ती आणि भाऊ गच्चीत बोलत बसले. खाली आला तेव्हा स्वारी लाजून लाल. त्याला ती मनापासून आवडली होती. म्हणूनच त्या शहाण्यानं निघताना, दारात चपला घालता घालता, खरं सांगून टाकलं.

मुलीचे वडील उंबऱ्यापर्यंत आले.

"म्हंजे तुमचं जहाज चालंल?"

"वर्षानुवर्षं. मध्ये इंधन न भरता."

"अन् नळ?"

भावानं दुसरी चप्पल घातली.

नकार आला. मला मामांचा संताप आला, त्या वडिलांचा आला आणि त्याहून जास्त सरकारचा. समुद्रातलं जहाज वर्षानुवर्षं चालवायला निघालेत, आणि आमच्या गल्लीत तासभर नळ चालवायची अक्कल नाही! मुलगी शेवटी टँकरवाल्याला दिली. त्यांचंही काय चुकलं म्हणा.

मागच्या उन्हाळ्यात भाऊ सुट्टीवर आला होता. गल्लीत टँकर आला, तो नेमका तिच्या नवऱ्याचा. मागं मोठ्या अक्षरांत तिचं नाव रंगवलेलं. भावानं ते वाचलं, मुकाट्यानं रांगेत उभा राहिला आणि नंबर आल्यावर पाइप धरून आमचं पिंप भरलं.

घरात येऊन हात पुसत म्हणाला, "प्रेशर चांगलं आहे."