ग्रेगरसाहेबांची शेवटची टोपी

आखातातल्या सीब गावच्या सुकात, म्हणजे बाजारात, बाबामियाँ दळवी एकोणीस वर्षे बॅगपाइप पथकाच्या टोप्या शिवत होते; त्यांचे मत मात्र कोणी कधी विचारले नव्हते. ते प्रथम विचारले गेले २०१४ साली, आणि तेही एका मृतासाठी.

पथकाचे वृद्ध स्कॉटिश शिक्षक ग्रेगरसाहेब वारले होते. त्यांची मुलगी त्यांचा किल्ट, पथकाच्या गणवेशातला चौकड्यांचा घागरा, घेऊन आली. "मास्टर, यावर टोपी तुम्हीच निवडा. संध्याकाळी शवपेटी विमानात चढेल."

पथकाच्या कारकुनाने लगोलग फोनवर बजावले, "नियमात ग्लेनगॅरीच आहे. अक्कल चालवलीत, तर पुढचे काम दुसऱ्याला. खलास!"

साहेबांच्या मापाच्या लाकडी डोक्यावर बाबामियाँनी होडीसारखी, मागे फिती लोंबणारी ग्लेनगॅरी चढवली आणि दुकानाला कुलूप लावून ते नमाजाला गेले. परतले तेव्हा ती टेबलावर पडली होती आणि डोक्यावर लाल गोंड्याची गोल बॅल्मोरल होती. साहेब दर खेपेला आरशासमोर हीच घालून पाहत आणि नियम आठवून मुकाट्याने परत ठेवत. दुकानाची किल्ली एकच होती, बाबामियाँच्या खिशात.

त्यांनी पुन्हा ग्लेनगॅरी चढवली, दोरा घ्यायला पाठ फिरवली आणि वळून पाहिले. पुन्हा बॅल्मोरलच, या वेळी उजवीकडे कललेली, साहेबांच्या सवयीप्रमाणे.

बाबामियाँनी ग्लेनगॅरी बाजूला सारली.

"बरं, साहेब," ते पुटपुटले, "काम गेलं तर गेलं. मेल्यावर तरी कसला नियम?"

त्यांनी बॅल्मोरल हलकेच उतरवली. आतली चामड्याची पट्टी कोमट होती, नुकत्याच काढलेल्या टोपीसारखी.