शाळेची पॅनेलं

तापलेल्या पत्र्याचा वास आला की मला पाथर्डीकडची आमच्या गावची शाळा आठवते. पत्र्याखालच्या त्या वर्गात वीज दुपारभर नसायची आणि पोरं पुस्तकानं वारा घेत बसायची. मी कॉलेजात होते तेव्हा शाळेवर सोलर पॅनेलं बसावीत म्हणून वर्षभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. शेवटी ती मंजूर झाली, टेम्पोही गावात आला, पण मी पोचेपर्यंत पॅनेलं ग्रामपंचायतीच्या छतावर चढली होती. मी आईला घेऊन तशीच सरपंचांकडं गेले आणि जाब विचारला. पंख्याखाली बसून ते शांतपणे म्हणाले, "अगं, निम्मी पोरं दिवाळीच्या टायमाला आईबापासंगं ऊसतोडीला जात्यात. रिकाम्या वर्गाला पंखा कशाला?" माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी त्याच पोरांतली होते. शाळा बुडवून उसाच्या फडावर धाकट्या भावाला सांभाळलं होतं. मी काही बोलायच्या आत चारचौघांत कधी न बोलणारी माझी आई म्हणाली, "सरपंच, जोवर गावात हायेत तोवर तर शिकू द्या त्यास्नी. पॅनेलं उतरवा, न्हाईतर आमी बाया उतरवतो." ते हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या बायांनी पंचायतीला शिडी लावली, तेव्हा कुठं सरपंचांनी माणसं बोलावून पॅनेलं शाळेवर हलवली. उद्घाटनाची फीतही त्यांनीच कापली. आता वर्गात पंखे फिरतात, लोक मला म्हणतात, झालं की मनासारखं, सोड आता. पण 'रिकाम्या वर्गाला पंखा कशाला' हे मी काही सोडलेलं नाही.