आग्या मोहोळाखालची दुपार

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी लखनौला आले, तेव्हा मला सगळ्यात आधी खटकली ती तिथली सपाटी. माझं माहेर भोरच्या पुढे, एका किल्ल्याच्या पायथ्याशी. दाराबाहेर पाऊल टाकलं की एक तर चढ, नाही तर उतार. महानगर नावाच्या वस्तीतल्या आमच्या घराच्या गच्चीवरून बघितलं, तर लांबवर नुसत्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेल्या रजया. नजर कुठेच अडत नव्हती, तरी मला कोंडल्यासारखं व्हायचं.

घरात आम्ही तिघं. नवरा बँकेत, हजरतगंजच्या शाखेत. तो सकाळी गेला की दिवेलागणीपर्यंत मी आणि सासूबाई. सासरे गेल्यावर मिरजेतल्या दोन खोल्यांना कुलूप लावून त्याने आईला इकडे आणलं होतं. त्यांना हिंदी येत नव्हती. खाली सब्जीवाला ओरडला तरी त्या मला हाक मारायच्या, "अगं, तो भैया काय म्हणतोय बघ." माझ्याशिवाय त्या जिना उतरत नसत आणि त्यांना सोडून मी जवळच्याच कपूरथला बाजारापलीकडे जाऊ शकत नव्हते. एका शाळेत मराठी घरातलीच एक ओळखीची बाई शिकवत होती, तिने मला तिथे नोकरीसाठी बोलावलं होतं. नवरा म्हणाला, "जा की. पण आई दिवसभर एकटी कशी राहील?" माहेरी जायचा विषय काढला तरी हेच उत्तर. तो आवाज चढवत नसे. समजावून सांगे, आणि मग भांडायलाही जागा उरत नसे. राग मी सासूबाईंवर धरला होता. त्या बाल्कनीत मटार सोलत बसलेल्या दिसल्या, की वाटायचं, ह्यांच्यामुळे माझं आयुष्य ह्या दोन खोल्यांत चाललंय.

फाल्गुनात सासूबाईंनी चित्रकूटचं नाव काढलं. राम जिथे राहिला ती जागा बघायची, एवढंच त्यांनी आजवर मागितलेलं मी ऐकलं होतं. नवऱ्याने रजा काढली. परिक्रमा झाली, घाटावर स्नान झालं, आणि दुसऱ्या दिवशी जीपवाला म्हणाला की पुढे डोंगरावर जुना किल्ला आहे, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, बघून या. मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "जाऊ या. हिला आवडेल." मी चकित होऊन त्यांच्याकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

रस्त्याला दोन्ही बाजूंनी पळस पेटला होता. मग सपाट माथ्याचा तो डोंगर दिसला आणि मी पुढे वाकून बघायला लागले. सह्याद्रीसारखा तो नव्हताच, दगड तांबूस आणि झाडी खुरटी. पण चढ होता. नवऱ्याचा गुडघा दुखत होता म्हणून तो जीपपाशी थांबला. "आईला सांभाळ. पहिल्या दरवाजावरून परत या," असं त्याने बजावलं. सासूबाईंनी खांद्यावर सोलापुरी चादर टाकली होती, वर कुठे बसायला म्हणून. पहिल्या दरवाजाशी मी थांबले. त्या म्हणाल्या, "चल गं. पाय चांगले आहेत माझे." आम्ही दुसऱ्या दरवाजातून पुढे गेलो. मी त्यांना तटबंदीतल्या जंग्या, म्हणजे बंदुकीसाठीची भोकं दाखवली, त्यांतून शत्रूवर कसा नेम धरत ते सांगितलं. लखनौत वर्षभरात मी त्यांच्याशी इतकं बोलले नसेन.

वरच्या दरवाजाच्या कमानीला आग्या माश्यांची मोहोळं लटकत होती, काळीभोर, सुपाएवढी. खालच्या पडवीत सहलीला आलेल्या काही मंडळींनी गोवऱ्या पेटवून बाट्या भाजायला घेतल्या होत्या. धूर सरळ वर जात होता. मी लहानपणापासून किल्ल्यांवर हिंडलेली. हे बघून माझ्या अंगावर काटा आला. "आई, परत फिरा," मी म्हणाले. पण तेवढ्यात वरून पाऊस येताना होतो तसा आवाज आला, आणि खालची माणसं किंचाळत पळायला लागली.

शेजारीच पहारेकऱ्यांची देवडी होती. मी सासूबाईंना दंडाला धरून आत ओढलं. दाराला फळी नव्हती. चौकट मात्र बुटकी होती. चादर आडवी धरून मी वरची टोकं कपारीत दगडांनी ठेचून बसवली, आणि खालचा काठ आम्ही दोघींनी पायांखाली दाबला. भिंतीतली जंगी हातरुमालाचा बोळा कोंबून बंद केली. मग अंधार झाला. वटवाघळांचा वास होता. बाहेर चादरीवर माश्या टपटप आपटत होत्या.

सासूबाईंना मानेवर आणि कपाळावर डंख झाले होते. चादरीतून येणाऱ्या फिकट उजेडात मी नखाने काटे काढले. त्यांनी हूं की चूं केलं नाही. खालून नवऱ्याची हाक आली, "आई! बाहेर येऊ नका! मी आहे इथे!"

"कळलं म्हणावं. ओरडू नको," त्या पुटपुटल्या. मला हसू आलं, आणि मग त्याही हसल्या.

वेळ सरकेना. पाय आखडले, पण काठ सोडायची सोय नव्हती. तहान लागली होती आणि पाणी जीपमध्ये. एकदा सासूबाईंना लघवीची घाई झाली. मी कोपऱ्याकडे पाठ करून एकटीने चादर धरून उभी राहिले. परत येऊन शेजारी टेकल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "काय वेळ आली बघ. पण खरं सांगू, त्या घरापेक्षा इथे बरं वाटतंय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुठल्या घरापेक्षा?"

"लखनौच्या. दिवसभर भिंती बघायच्या. कुणाशी बोलायचं? मला मिरजेला जायचंय गं. माझ्या खोल्या आहेत, शेजार आहे, भजनाला बायका आहेत."

"मग त्यांना सांगा ना."

"सांगितलं की. दरवेळी म्हणतो, तू गेलीस तर ती एकटी पडेल. परक्या मुलखात तिला कोण आहे? मग म्हटलं, पोर नवीन आहे. राहू थोडं तुझ्यासाठी."

बाहेरचा गोंगाट चालूच होता. मग मी म्हणाले, "आई, मला ते सांगतात की मी कुठे गेले तर तुम्ही एकट्या पडाल."

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. कपाळ सुजून एक डोळा मिटत आला होता. "असं म्हणतो?"

"शाळेच्या नोकरीलाही तेच म्हणाले."

"नोकरी? कसली नोकरी? मला काही बोलला नाही." सुजलेला डोळा पदराने टिपत त्या म्हणाल्या, "आणि मी समजत होते, तुला माझी सोबत लागते."

माझ्या मनात वर्षभर त्यांच्याबद्दल जे साचलं होतं, त्याचं आता काय करायचं ते मला कळेना. सगळा राग फिरून नवऱ्यावर गेला. खाली जाऊन त्याला काय काय बोलायचं, ते मी मनात जुळवत बसले.

ऊन कलल्यावर माश्या हळूहळू मोहोळाला जाऊन बसल्या. आवाज विरला. आम्ही चादर तशीच डोक्यावरून घेतली आणि एकमेकींना धरून, पावलं न वाजवता उतरलो. दुसऱ्या दरवाजाच्या खाली, पायऱ्यांवर नवरा बसला होता. जीपवाल्याने त्याला आधार दिला होता. चेहरा ओळखू येत नव्हता, इतका सुजला होता. घोंगडी पांघरून तो आमच्यासाठी वर यायला निघाला होता आणि तिथवर पोचला होता. आम्हाला बघून उठायला गेला, पण त्याला उठता येईना.

मी जुळवलेलं सगळं तोंडातच राहिलं.

गावातल्या दवाखान्यात त्याला इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. परतीच्या गाडीत त्याची सूज थोडी उतरली होती. सासूबाई त्याच्या समोर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "मला मिरजेला सोड. आणि हिच्या नावाने मला थांबवू नकोस, माझ्या नावाने हिला थांबवू नकोस. आम्ही बोललोय."

तो खिडकीकडे तोंड करून बसला. तिकडेच बघत म्हणाला, "घरी कुणी नसलं की मला दारातून आत जाववत नाही." मग अडखळत सांगितलं. वडिलांची नोकरी फिरतीची, म्हणून त्याला दहाव्या वर्षीच वसतिगृहात ठेवलं होतं. सुट्टीत सगळी मुलं घरी जायची आणि कधीकधी ह्याला न्यायला कुणी यायचं नाही.

सासूबाईंना हे ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडून त्यांनी ते कधी ऐकलं नसावं. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तरी शब्द मागे घेतला नाही. "तेव्हा चुकलं आमचं," त्या म्हणाल्या, "पण आता तू पोर नाहीस."

उन्हाळ्यात मी त्यांना मिरजेला पोचवलं. खोल्या झाडल्या, चूल-भांडी लावून दिली. तिथून माहेरी जाऊन महिनाभर राहिले. त्या पुढे बरीच वर्षं तिथे एकट्या आणि मजेत राहिल्या. आल्यागेल्याला ती माश्यांची हकीकत सांगायच्या, आणि त्यात मी मूळ प्रसंगापेक्षा पुष्कळच शूर असायचे.

लखनौला परतले तेव्हा मला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. तसं झालं नाही. शाळेतली जागा भरून गेली होती. सासूबाईंची हाक नसलेलं घर आणखी लहान वाटायला लागलं, आणि आता दोष द्यायला कुणी नव्हतं. पहिले कितीतरी दिवस मी बाल्कनीतल्या त्यांच्या जागेवर बसून राहिले. जुलैत दुसऱ्या एका शाळेत विचारून आले. त्या संध्याकाळी नवरा माझ्या आधी घरी आला होता. दाराबाहेर जिन्यावर बसला होता, किल्ली हातात होती.

"आत का नाही गेलात?" मी विचारलं.

"जातोच आहे," तो म्हणाला. मी खालच्या पायरीवर थांबले. थोड्या वेळाने तो उठला आणि त्याने दार उघडलं.